टॉप हिलवर कुणी नाही

सेंट जॉर्जेस
१४ जानेवारी

प्रिय इडोरा,

फोन केला की तू म्हणतेस माझा आवाज सरकारी येतो, म्हणून हे पत्र. बोटीवरच्या लिरॉयच्या हाती देतोय. त्याने वाटेत कुठे ठेवून दिलं नाही तर उद्या दुपारी तुला मिळेल.

काम मात्र सरकारीच आहे. देशाचं नवं ऊर्जा धोरण करायचं ठरलंय. आजवर आपली सगळी वीज जहाजातून येणाऱ्या डिझेलवर. आता वारा, ऊन आणि डोंगराच्या पोटातली वाफ यांचा विचार चाललाय. मसुदा लिहिण्याआधी गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि ते ऐकायला मला नेमलंय. हसू नकोस. जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्याला ऐकायची नोकरी लागली, असं गावाची मावशी टांटी मर्ल म्हणेलच.

आपल्या विंडवर्ड गावातली सभा १८ फेब्रुवारीला आहे, शाळेच्या हॉलमध्ये. माणसं घेऊन ये. शिव्या द्यायला आली तरी चालतील. रिकाम्या खुर्च्यांना प्रश्न विचारून मी इथे मोठ्या बेटावर पुरता दमलोय.

आता मुद्द्याचं. आपल्या कॅरियाकू बेटावर पवनचक्क्यांसाठी ज्या जागा पाहिल्यात त्यांत टॉप हिल आहे. आपलाच टॉप हिल. जमीन अजून पणजोबांच्या नावावर, वारस अर्धे ब्रुकलिनमध्ये, अर्धे टोरोंटोत; त्यामुळे विचारायला कुणाच्या दारात जावं हेच कुणाला कळत नाही. नियम असा, की जिथे घर किंवा कबर असेल ती जागा सोडायची. नकाशावर तिथे काहीच नाही. पप्पा तिथेच आहे, पण त्याच्याभोवती नुसते शंख मांडलेत, दगड अजून बसलेला नाही आणि बिनदगडाची कबर विमानातून काढलेल्या फोटोत दिसत नाही.

म्हणून भर सभेत विचारलं जाईल: त्या डोंगरावर कुणाचं घर आहे का, कुणाला पुरलंय का? तेव्हा तू उभी राहा आणि म्हण, "माझा बाप आहे तिथे." एवढंच. टॉप हिल त्याच क्षणी बाद होईल. मी म्हटलं तर लोक म्हणतील, साहेबाने घरचा डोंगर वाचवला. म्हणून तू.

तुझा,
केनरिक


विंडवर्ड, कॅरियाकू
२२ जानेवारी

केनी,

पत्र मिळालं. लिरॉयने हरवलं नाही, पण वाचलं नक्की. बोटीवरून उतरल्या उतरल्या मला म्हणतो, "काय इडोरा, डोंगरावर पंखे लावताय म्हणे!"

पंख्यांशी माझं भांडण नाही. गेल्या आठवड्यात डिझेलचं जहाज आलं नाही, वीज गेली ती गेलीच. फ्रीजमधला सगळा मासा कुत्र्यांच्या वाट्याला गेला. दवाखान्यातली नर्स औषधं बर्फात घालून दारोदार बर्फ मागत हिंडत होती. पप्पा असता तर म्हणाला असता, वारा फुकट मिळतोय तो घ्या की लेको, मी जन्मभर तोच शिडात भरून घेतला. घ्या. फक्त त्याच्या डोक्यावर नको.

आणि डोक्याचंच सांगायचंय. परवा टांटी मर्ल सकाळी सकाळी काठी आपटत आली. पप्पा तिच्या स्वप्नात आला होता. कुंपणाशी उभा, डोक्यावर टोपी नाही. म्हणाला, "मर्ल, ऊन लागतंय गं." टोपीशिवाय तू पाहिलायस त्याला कधी? मी तर त्याला पेटीत ठेवतानाच पाहिला. टांटी माझ्या ओट्यावर बसून रडली आणि मग मला शिव्या घातल्या. तुझ्या वाटच्याही मीच खाल्ल्या.

केनी, दगड तयार आहे. नाव कोरलेलं आहे. त्याच्याच खोलीत, त्याच्याच पलंगावर, पांढऱ्या चादरीखाली पडून आहे. मी रोज सकाळी दार उघडून "गुड मॉर्निंग, पप्पा" म्हणते आणि रोज मला वाटतं, चादरीखालून विचारेल, "पोरगा आला का?" दगडाची मेजवानी एकुलत्या मुलाशिवाय होत नाही, हे मी तुला सांगायला हवं का? पहिलं पाणी आणि पहिली रम तूच ओतायचीस. मी बोकड ठेवलाय, मका ठेवलाय. तू आलास, जेवलास आणि दुसऱ्या बोटीने गेलास, असं दोनदा झालं.

ऐक. सभेच्या चार दिवस आधी ये. दगड बसवू. मग मी सभेत अशी उठेन की तुझे साहेबलोक खुर्च्या मागे सरकवतील. पण बिनदगडाच्या बापाचं नाव चारचौघांत घ्यायला लावू नकोस मला.

इडोरा


सेंट जॉर्जेस
२ फेब्रुवारी

प्रिय इडोरा,

चार दिवस आधी येणं जमणार नाही. त्याच आठवड्यात इथे तीन सभा आहेत. विंडवर्डला सकाळच्या बोटीने ऑफिसच्या साहेबांबरोबर येईन आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत. घरी यायलाही मिळेल असं वाटत नाही. माझ्यासाठी शंखाच्या मांसाचं कालवण करून ठेवू नकोस, उगाच वाया जाईल.

टांटीला सांग, ईस्टर झालं की येतो. शपथ. बोकड तोवर आणखी माजेल.

दगड असो नसो, बाप तो बापच. त्याचं नाव घ्यायला लाज कसली? तू फक्त ते वाक्य बोल. मी समोरच बसलेला असेन, घाबरू नकोस.

केनरिक


सेंट जॉर्जेस
२१ फेब्रुवारी

इडोरा,

तू उठली नाहीस.

साहेबांनी प्रश्न विचारला. पुन्हा विचारला. मी मुद्दाम कागद चाळत बसलो, तुला वेळ मिळावा म्हणून. तू तिसऱ्या रांगेत, ती निळी हॅट घालून, मांडीवर हात ठेवून बसली होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. सबंध हॉल गप्प. तासभर आधी हीच माणसं एकमेकांना बोलू देत नव्हती. कॅप्टन ॲल्बीने साहेबांना विचारलं, "वारा थांबला की बिल पण थांबणार का?" तेव्हा छत उडायची वेळ आली होती. आणि डोंगराचं नाव निघताच सगळ्यांच्या जिभा एकदम टाळ्याला चिकटल्या!

कळलं मला. मी चार दिवस आधी आलो नाही म्हणून तू मला धडा शिकवलास. सगळ्या गावाला सांगून ठेवलं असशील. शिकलो धडा. पण त्यापायी पप्पाला पणाला लावायचं होतं का?

मला वृत्तांत लिहावा लागला. लिहिलं: "टॉप हिलवर वस्ती नाही, दफन नाही. स्थानिकांची हरकत नाही." सभेत जे झालं तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार होतो?

केनरिक


विंडवर्ड
१ मार्च

केनरिक,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते. मग म्हटलं, नको, याला उत्तर द्यायला हवं. हा बाहेर राहून राहून आपलंच गाव विसरलाय.

मी गावाला काहीही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय? त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे पप्पा कुठे आहे. कॅप्टन ॲल्बीने पेटीला खांदा दिलाय. पण दुसऱ्याच्या घरचा मेलेला माणूस आपण बोलून दाखवत नाही, केनी. ते घरच्यांनी बोलायचं. म्हणून सगळे जमिनीकडे बघत बसले. त्याचा अर्थ 'हरकत नाही' असा नव्हता, ते आपल्या दोघांना बोलायला जागा करून देत होते.

आणि मी का उठले नाही? ऐक आता. मी उठून "माझा बाप आहे तिथे" म्हटलं असतं, तर मागच्या बाकावरून टांटी मर्लने किंवा तिच्यासारख्या कुणीतरी विचारलंच असतं, "मग दगड कुठाय? मुलगा कुठाय?" आणि मुलगा तर समोर, टेबलामागे, टाय लावून, साहेबांच्या शेजारी बसलेला! ज्या माणसाने बापाला उघड्या डोक्याने उन्हात ठेवलंय, तो गावाला विचारायला आलाय की तुमच्या मेलेल्यांचं काय करू. सबंध हॉलसमोर तुझी मान खाली गेली असती. साहेबांना कळलं नसतं, पण तुला कळलं असतं. मी तुला तसं बघू शकले नसते. तू शाळेत पहिल्यांदा भाषण करायला उठलास तेव्हाही मी तिसऱ्या रांगेतच होते आणि तू ओळ विसरलास तेव्हा ओठ हलवून ती मीच तुला दिली होती.

मी तुझ्याकडे बघत होते ते यासाठी की तू बोलशील. तू बोलला असतास तर मुलगा म्हणून बोलला असतास, त्याला कुणी काही विचारलं नसतं. लोक म्हणाले असते, बघा, पोराला आठवण आहे. आणि तू म्हणे कागद चाळत होतास.

धडा शिकवायचा असता तर मी तुला कानाला धरून शिकवला असता, भावा. त्याला सभा कशाला हवी?

इडोरा


सेंट जॉर्जेस
१२ मार्च

इडोरा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला माफ कर, एवढंच लिहितो. पुढचं तोंडाने सांगेन.

अजून काही बिघडलेलं नाही. मसुद्यावर लोकांच्या सूचना मे अखेरपर्यंत घेतात. मी टॉप हिलचं साहेबांच्या कानावर घातलंय. चक्क्या उभ्या राहायला अजून वर्षं जातील; आधी नुसता वारा मोजायचा एक खांब लावतात आणि त्यालाही ठेकेदार मिळायचाय. तोवर दगड बसलेला असेल. दगड बसला की नकाशावर येईल, मग कुणाची टाप नाही.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी येतो. चांगली आठवडाभर रजा टाकलीय. टांटीला म्हणावं मका भिजत घाल. ढोलवाल्यांना निरोप दे. जॅक आयर्नची बाटली मी आणत नाही. ती तुमच्याकडचीच हवी, ज्यात बर्फ टाकला की बुडतो. पप्पाला इथली पातळ रम पाजली तर सगळ्यांच्या स्वप्नात येऊन शिव्या देईल.

आणि शंखाचं कालवण कर. या खेपेला वाया जाणार नाही.

केनी


विंडवर्ड
९ एप्रिल

केनी,

येऊ नकोस असं लिहिणार होते. मग वाटलं, येच.

ईस्टरला मी शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटावर गेले होते, टांटीच्या भाचीच्या लग्नाला. तुझ्या मेजवानीसाठी मोठी भांडी तिथूनच आणायची होती. दोन रात्री राहिले. परत येताना होडीतूनच टॉप हिलवर एक लाल रेघ दिसली. मला वाटलं वणवा अडवायला कुणी माती उकरलीय. टांटी म्हणाली, "पोरी, तो रस्ता आहे."

खांब न्यायला रस्ता हवा होता म्हणे. ठेकेदार मिळाला, केनी. बुलडोझर चालवणारा तिकडचा, मोठ्या बेटावरचा, परका माणूस. मी वर पोचले तेव्हा सावलीत डबा खात बसला होता. मी विचारलं, इथे शंख मांडलेले होते ते कुठे गेले? म्हणाला, "बाई, शंखांचा एक ढीग होता. तो ढकलला उतारावर. शंखांचे ढीग तर तुमच्या गावात दर दारात आहेत." खरंच आहेत. गुरं मोकळी सोडायचे दिवस आहेत हे. बकऱ्यांनी कुंपण पाडलं होतं, शंख इकडेतिकडे झाले होते. मी लग्नाच्या गडबडीत, म्हटलं आल्यावर नीट मांडू.

मी त्याला सांगितलं काय होतं ते. त्याने टोपी काढली आणि जमिनीवरच बसला. मग मला विचारतो, "दगड का नव्हता, बाई?" 

तो पांढरा सीडर गेला, ज्याच्या वाकड्या फांद्या पप्पा होड्यांच्या फासळ्यांसाठी हेरून ठेवायचा. त्याच झाडाच्या खुणेवर आम्ही येत होतो. आता सगळी एकच माती आहे, खाली दरीपर्यंत. मी आणि कॅप्टन ॲल्बी अंधार पडेपर्यंत तिथे होतो. काय शोधत होतो ते मला लिहवत नाही.

तू म्हणाला होतास, साहेबांच्या कानावर घातलंय.

इडोरा


सेंट जॉर्जेस
१३ एप्रिल

इडोरा,

घातलं होतं. काय म्हणालो ते तुला सांगतो, कारण तुझ्यापाशी लपवून मी कुठे जाऊ? मी म्हणालो, "त्या बाजूला एका कुटुंबाची जुनी कबर असावी असं कळतं." एका कुटुंबाची. असावी. साहेब म्हणाले, "लेखी येऊ दे, बघू." माझ्या बापाची आहे, असं म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला असता. चांगला माणूस आहे तो. आज त्यांना सगळं सांगितलं, तर मला म्हणाले, "केनरिक, तू माझ्या समोर बसतोस रोज."

सभेत तू माझी लाज राखलीस आणि इथे मीही माझीच लाज राखली. पप्पाचं कुणीच काही राखलं नाही.

मी म्हातारा होईपर्यंत लोकांना विचारत हिंडणार आहे की तुमचं म्हणणं काय. आणि मला विचारलं तेव्हा मी काय बोललो?

शनिवारच्या बोटीने येतो. दगडाचं काय करायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते करीन.

केनी


विंडवर्ड
२४ मे

केनी,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. काल लिरॉयने तुझ्या ऑफिसातून आलेला तो जाडजूड मसुदा आणून दिला. हॉलमध्ये ठेवलाय, लोक उभ्या उभ्या चाळतात. टॉप हिलचं पान मी पाहिलं. अजून तुझंच वाक्य आहे, वस्ती नाही, दफन नाही. तू कळवलंस की बदलायला दिलंय, पुढच्या छपाईत निघेल. निघू दे. मला आता त्याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर आज ते वाक्य बरोबरच आहे.

तू विचारलंस, तू गेल्यावर गाव काय म्हणतं. चांगलं म्हणतं. म्हणतात, पोराने स्वतःच्या खांद्यावर दगड डोंगरावर नेला, कुणाला हात लावू दिला नाही. पहिलं पाणी, पहिली रम तूच ओतलीस ते सगळ्यांनी पाहिलं. ढोल असा बऱ्याच वर्षांत वाजला नव्हता. टांटी मर्ल अजून गुडघे धरून बसलीय आणि तरी सगळ्यांना सांगते की ती शेवटपर्यंत नाचली.

दगड कुठे बसवायचा यावरून कॅप्टन ॲल्बी आणि टांटी भांडले ते तू ऐकलंस. तो म्हणत होता, तू यायच्या आधीच उभ्या केलेल्या त्या खांबाच्या अलीकडे, ती म्हणत होती पलीकडे. तू मधे बसवलास. परवा ॲल्बी वाटेत भेटला, म्हणाला, "इडोरा, मला वाटतं मर्लचंच बरोबर होतं." मी म्हटलं, राहू दे, कॅप्टन. आता कुठे हलवायचा?

गेलेल्यांसाठीचं मायबापांचं ताट तू स्वतः वाढलंस. मक्याच्या पिठाचं कू-कू, बोकडाचं मटण, ओल्या तुरीचे दाणे, कोपऱ्यात चमचाभर शंखाचं कालवण. खोलीचं दार ओढून घेतलं आणि आपण दोघं बाहेर पायरीवर बसून राहिलो. तू म्हणालास, "येईल ना गं?" मी "हो" म्हटलं. सकाळी रीतीप्रमाणे पोरांना ताट दिलं, पोरांनी पुसून खाल्लं. तू हसलास. इतक्या महिन्यांत मी तुला पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणून तेव्हा काही बोलले नाही.

ते आता लिहिते.

त्या दिवसापासून पप्पा कुणाच्या स्वप्नात आलेला नाही. टांटीच्या नाही, ॲल्बीच्या नाही, माझ्या नाही. गाव म्हणतं, दगड मिळाला, म्हातारा शांत झाला. मीही मान डोलावते. पण मी त्याची मुलगी आहे, केनी. तो शांत झाला असता तर एकदा तरी येऊन सांगून गेला असता, बोकड कच्चा होता म्हणून. मला वाटतं तो घरी यायला निघतो. पण सीडर नाही, शंख नाहीत, कुठून उतरायचं ते त्याला कळत नाही आणि त्या खांबाच्या तारा रात्रभर वाऱ्यात वाजत असतात.

म्हणून ओट्यावरचा दिवा मी रात्रभर चालू ठेवते. डोंगरावरून आपलं घर दिसायला हवं. वीज अजून डिझेलचीच आहे, मध्येच जाते. जाते तेव्हा मी उठून कंदील लावते.

इडोरा